संकष्टीची ओहोटी

रत्नागिरीत बघण्यासारखं काय काय आहे, असं कुणा पाहुण्याने विचारलं की आमच्या घरात उत्तर द्यायचा मान बाबांचा. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण गाव दाखवायचं म्हणजे त्यांच्या लेखी ती एक फेरीच. आधी रत्नदुर्ग, तिथलं भगवतीचं देऊळ, मग समोरच्या टेकडीवरचं दीपगृह, उतरताना मिरकरवाड्याचं बंदर, मासळीचा लिलाव चालू असेल तर नाकाला रुमाल लावून थोडा वेळ तिथे. दुपारी घरी जेवण आणि सक्तीची झोप. मग ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी ज्यात आणून ठेवलं तो राजवाडा आणि संध्याकाळी मांडवीची जेटी. मोबाइलवर यादी वाचून आलेल्या एखाद्या शहाण्याने मध्येच दुसरं ठिकाण सुचवलं, तर बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पुढे चालू लागायचे.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात, आणि पाहुणा आला की त्यांचा चेहरा उजळतो हे मी बघत आलेय. सदऱ्याची इस्त्री, डोक्याला तेल, खिशात आल्याच्या वड्या. पण गेल्या पावसाळ्यापासून कुणी फोनवर 'येतो हं आम्ही तुमच्याकडे' म्हटलं की मी तारीख पुढे ढकलता येते का ते बघायला लागले.

त्याचं असं झालं. एका सकाळी बाबा दूध आणायला गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी ओळखीचा एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला. मारुती मंदिरच्या थांब्यावर बसले होते म्हणाला, गाड्या येत होत्या, जात होत्या, हे नुसते बसून. बाबा रिक्षातून उतरले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "ऊन किती हाय. बसलंय जरा." आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यांच्या हातात दुधाची पिशवी नव्हती, आणि आपण दूध आणायला गेलो होतो हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे हळूहळू वाढत जाईल, किती हळू ते आज सांगता येणार नाही, लक्ष ठेवा. हे माझ्या नवऱ्याला माहीत आणि मला माहीत. बाबांपुढे आम्ही तो विषय काढत नाही. त्यानंतर बरेच दिवस अगदी सुरळीत जायचे, इतके की डॉक्टरांचंच चुकलं असावं असं मला वाटायचं. मग एखाद्या दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "जेवलंव काय गो आपण?" उष्टी ताटं अजून ओट्यावरच पडलेली असायची.

माझी भीती एकच होती. एक दिवस बाबा कुणाला तरी बरोबर घेऊन निघतील आणि तो दिवस नेमका विसरण्याचा असेल. फेरी बंद करावी, तर त्यांच्याजवळ दुसरं उरतं काय? चालू ठेवावी, तर गाव आमचं असं की जिथे बघावं तिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मी मधला मार्ग काढला. पाहुण्यांबरोबर आपणही जायचं, आणि लक्ष ठेवतोय हे त्यांना कळू द्यायचं नाही.

थंडीत माझी नणंद सांगलीहून आली, यजमान आणि मुलीला घेऊन. मुलगी आठ वर्षांची. समुद्र तिने त्याआधी पाहिलाच नव्हता. पहिल्याच रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, "आजोबा, तुमच्या किल्ल्याला भुयार आहे ना? खरं खरं?" झालं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

भुयार आहे म्हणतात. वर किल्ल्यात त्याचं तोंड बघायला मिळतं, आणि किल्ल्याच्या खाली, थेट समुद्राशी, कड्यात एक मोठी गुहा आहे. गुहेतून भुयार वर देवळापर्यंत जातं अशी इकडची सगळी माणसं शपथेवर सांगतात, बघितलेलं कुणी नाही. गुहेशी जायचं तर ओहोटीलाच, खडपांवरून, म्हणजे पाणी ओसरलं की उघडे पडतात त्या काळ्या खडकांवरून. बाबांच्या फेरीत हा थांबा सगळ्या पाहुण्यांसाठी नव्हता. मनात भरलेल्या माणसालाच ते तिथे नेत. बाबांनी मुलीकडे बघितलं, बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "उद्या सकाळी जाऊया. उद्या संकष्टी हाय. नवाला पुरी सुकती."

बाबा मूळचे समुद्रकाठच्या नाटे गावचे. त्या किनाऱ्यावरच्या माणसाला भरती-ओहोटीसाठी घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नवाला, पाणी सगळ्यात खाली. ओहोटीला ते सुकती म्हणतात. हा हिशेब मी लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकले. दुसऱ्या दिवशी माझाही संकष्टीचा उपास होता, बाबांचाही. मी मनातल्या मनात मोजलं, नऊ आले. हिशेब बरोबर आला याचा मला इतका आनंद झाला की ताटातलं उरलेलं मी न बघताच खाल्लं.

सकाळी निघायला उशीर झाला. सांगलीकरांचा चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. नणदेचे यजमान गाडीची काच पुसत बसले. बाबा मात्र कधीचे तयार होऊन पायरीवर उभे होते. किल्ल्याजवळच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याला इकडे पांढरा समुद्र म्हणतात, तिथे आम्ही गाडी लावली आणि खडपांवर उतरलो तेव्हा नऊ वाजत आले होते. ऊन कोवळं होतं, वारा पडलेला, आणि समुद्र इतका गप्प की मला तो आवडला नाही. लाट आपटते तेव्हा निदान कळतं तरी.

बाबा पुढे, त्यांचा हात धरून मुलगी, मग तिचे आईवडील, आणि शेवटी मी; नवरा कामावर गेलेला. शेवाळावरून पाय कसा टाकायचा, कालवांचे धारदार शिंपले कसे टाळायचे, हे बाबा मुलीला सांगत होते, आणि त्यात एकही शब्द चुकत नव्हता. मी जरा सैल झाले. नणदेचे यजमान फोटो काढत म्हणाले, "वहिनी, काकांचं वय काय ओ? आम्हाला दम लागलाय की!" मी हसले. वाटेत एक घळ लागली, दोन खडकांमधला चर. ती आम्ही कोरड्या पायांनी ओलांडली, तळाशी फक्त जरा ओल होती. घळीच्या पलीकडे एका डबक्यापाशी मी थांबले. ओहोटीच्या वेळी डबक्यातलं पाणी बारीक धारेने समुद्राकडे निघालेलं असतं. इथे धार आत येत होती. वाळूचे कण तिच्याबरोबर आत सरकत होते.

मी बघितलं, आणि मला ते पटलं नाही. बाबांनी नऊ म्हटलेलं, मीही नऊच मोजलेले. एखादी लाट मागून आली असेल असं स्वतःला समजावून मी पुढे गेले. पण तेव्हापासून माझं लक्ष कशातच नव्हतं.

गुहा मोठी आहे. आत शिरलं की थंडगार, वटवाघळांचा वास, आणि वरून थेंब पडत असतात. मुलीने 'ओ' अशी हाक दिली, गुहेने ती परत केली. ती खूश झाली. मग बाबांनी गोष्ट सांगितली. शत्रूचा वेढा, वरचं धान्य संपलेलं, आणि रोज पहाटे या भुयारातून मासळीची टोपली वर कशी जायची, वेढा घालणाऱ्यांना वरून तळणीचा वास यायचा आणि ते कसे चक्रावायचे. ही गोष्ट बाबांची स्वतःची आहे, मला खात्री आहे, इतिहासात असलं काही नाही. पण सांगतात अशी की तोंडाला पाणी सुटावं. सगळे हसले.

हसणं थांबलं तसा बाबांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "हे भुयार कसला हाय सांगू? एकदा काय झाला, शत्रूनं वेढा घातला..." आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. त्याच जागी थांबत, टोपली दाखवायला तसेच हात पसरत. नणंद आधी हसली, तिला वाटलं गंमत करतायत. मग तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तिची नजर सहन झाली नाही. मी मान फिरवली आणि गुहेच्या बाहेर बघितलं.

आम्ही ज्या खडकावरून आत आलो होतो त्याचा अर्धा भाग दिसत नव्हता.

"बाबा, पाणी चढतंय," मी म्हटलं. बाबा गोष्ट सोडून बाहेर आले, कपाळावर हात धरून त्यांनी समुद्राकडे बघितलं. "असा कसा? आज संकष्टी," ते म्हणाले. पाण्याला ती माहीत असायला हवी होती अशा सुरात. मग एकदम भानावर आले. "चला, घाय करू नका, पण चला." मुलीचा हात धरला आणि निघाले.

निघाले ते डावीकडे. यायची वाट उजवीकडच्या खडकांवरून होती, डावीकडे समुद्र. मी ओरडले, "बाबा, इकडून!" पण ते त्यांच्या झपाट्यात चार खडक पुढे गेलेले, आणि मुलगी त्यांच्याबरोबर उड्या मारत, तिला हा खेळच वाटत होता. आम्ही मागे धावलो म्हणावं तर तिथे धावता येत नाही. एकेक पाऊल शोधावं लागतं. पाणी आवाज न करता खडकांच्या फटींतून वर येत होतं. मागच्या बाजूने, जिकडे कुणी बघत नव्हतं, तिकडून आधी.

मग बाबा थांबले. पुढे वाटच नव्हती. मुलीने हात सोडवून घेतला आणि समोरच्या सुट्या खडकावर उडी मारली, कारण तिथे तिला खेकडा दिसला. ती तिकडे, बाबा इकडे, मधे हातभर पाणी होतं ते बघता बघता दोन हात झालं. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. तोंड उघडं, हात पुढे केलेला, आणि तोंडातून शब्द नाही. मला वाटलं घाबरले. मला त्यांचा राग आला, अगदी खरा, अंग तापवणारा राग, की अहो, हाक तरी मारा तिला! मी आणि नणंद दोघींनी एकदम हाक मारली. मुलगी वळली, तिने पाणी बघितलं, आणि मग ती रडायला लागली.

नणदेचे यजमान बुटांसकट पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी लागलं त्यांना. पोहता येत नाही त्या माणसाला, हे मला नंतर कळलं. मुलीला खांद्यावर घेऊन परत येताना कालवांनी त्यांचा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कापला. मी बाबांना दंडाला धरून वळवलं. ते लहान मुलासारखे वळले. घळीशी आलो तेव्हा तिथे कमरेइतकं पाणी होतं, ओढ आतल्या बाजूला. आम्ही एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि एकेक जण पार झालो. किनाऱ्याला लागलो. नणंद मुलीचे केस पिळत होती, केस कोरडेच होते तरी.

घरी आल्यावर, जखम धुऊन पट्टी बांधून झाल्यावर, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला गेले. हिशेब दोघांचा चुकला कसा, हे मला कळायलाच हवं होतं. आणि ते तिथे होतं, बारीक अक्षरांत. सकाळी तृतीया, चतुर्थी लागत होती दुपारनंतर. संकष्टी धरतात ती चंद्रोदयाला असलेल्या चतुर्थीची. उपास दिवसभर चतुर्थीचा, पण सकाळच्या समुद्राला तिथी तृतीयेची. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पाणी सव्वाआठलाच खाली जाऊन वळलं होतं, आणि तेव्हा मी पाहुण्यांच्या पोह्यांवर लिंबू पिळत होते.

मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ धावत बाहेरच्या खोलीत गेले. सगळ्यांना समजावून सांगितलं, बोटांवर मोजून दाखवलं. कुणाचीही झाली असती ही चूक, माझीही झालीच की. उपासाने घात केला, बाबांनी नव्हे. नणदेचे यजमान पाय खुर्चीवर ठेवून बसले होते, ते मोठ्यांदा हसले. "म्हणजे बाप्पानंच बुडवलं होतं की आम्हाला!" नणंदही हसली, थोडी उशिरा. गुहेतली दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट कुणी काढली नाही. डावीकडे वळल्याचंही नाही. बाबा कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते. ते हसले नाहीत.

संध्याकाळी मुलीनेच हट्ट धरला म्हणून मांडवीला गेलो. सूर्य खाली चालला होता, जेटीवर नेहमीची गर्दी, भेळवाल्याची घंटी. नणंद आणि यजमान मुलीला घेऊन खाली वाळूवर उतरले, पाण्यापासून चांगले लांब. मी आणि बाबा जेटीच्या कठड्यावर बसलो. भरती दुपारीच होऊन गेली होती, पाणी मागे सरत होतं, आणि आता ते अगदी गरीब दिसत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

बाबा म्हणाले, "तू ते संकष्टीचा सांगितलंस, ते बरा केलंस. पावण्यांसमोर."

"खरंच आहे ते बाबा. तिथीच तशी होती."

"तिथी म्हायती होती मला." ते समोर बघत होते. "सकाळी उठून कॅलेंडर बघितलंय. तृतीया. सोच्छ वाचलंय. तुमाला उठवायचा म्हनून जिन्यापर्यंत आलंय, आनि गेला. काय वाचलंय तेच गेला. मग पायरीवर उभा ऱ्हायलंय, आठवंल म्हनून."

दुपारी मिळालेलं ते हलकेपण माझ्या हातून निघून जात होतं आणि मला ते धरून ठेवता येत नव्हतं. मला वाटलं, आता तरी गप्प बसावं त्यांनी.

"तेवडाच असता तर मी बोललो नसतो," ते म्हणाले. "ती पोर त्या खडकावर गेली ना. हाक मारायची होती तिला. तोंड उघाडला आनि नाव न्हाय. पानी वाढतंय, ती माझ्याकडे पाठ करून हाय, आनि मी नाव शोधतंय गो. रात्री जेवताना चार वेळा घेतलेला तिचा नाव. आताही न्हाय आठवत." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं थंड होती. "इतःपर कुनाला माझ्याबरोबर पाठवू नको. मला विचारायला लागू नको, जाता काय म्हनून. मी होय म्हनेन. तूच नको म्हन."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. इतके महिने मी आणि नवरा त्यांच्यापासून जे लपवत होतो, ते त्यांना आमच्या आधीपासून माहीत होतं. मी त्यांचा हात दाबला आणि 'बरं' म्हटलं.

तेवढ्यात मुलगी जेटीच्या पायऱ्यांवरून धावत वर आली, हातात भेळेची पुडी, मागून आई बोलावतेय आणि ही ऐकत नाहीये. सकाळचं सगळं ती विसरून गेलेली. आजोबांना घास द्यायचाच होता तिला. ती जवळ येत होती तसे बाबा अंग चोरून घ्यायला लागले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घाईने माझ्याकडे, आणि त्यांचे ओठ हलले पण आवाज आला नाही.

मी तिला नाव घेऊन हाक मारली, बाबांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.